भुरीच्या पोटाखालची बटेरं

पिंपळशेंडा, ता. मूर्तिजापूर
गुरुवार, दुपार

प्रिय नगमा,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. दुकानात साड्यांच्या गठ्ठ्याआड लपून तर मुळीच नको. घरी जा, खालाला चहा टाकायला सांग आणि मग उघड. तुझा शाकीबभाई वेल्डिंगच्या कांड्या आणायला उद्या अकोल्याला येतो आहे, त्याच्याच हाती देते. मोबाइलवर लिहिलं असतं तर त्या दोन निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि खाली तुझं ठरलेलं उत्तर आलं असतं, 'कामात आहे गं, मग बोलते.' कागदाला तशी सोय नाही. तर ऐक. निघाली! बटेराची पिल्लं निघाली! कपाशीच्या कोवळ्या बोंडाएवढी, पिवळी-तपकिरी, पाठीवर काळ्या रेघा, आणि डोळे म्हणजे कुणीतरी मोहरीचे दाणे चिकटवल्यासारखे. एक तळहातावर घेतलं तर वजनच लागेना, नुसती धडधड. आणि ती कुठल्या मशीननं काढली नाहीत, माझ्या थर्माकोलच्या पेटीनंही नाहीत, तुझ्या अम्मीच्या भुरी कोंबडीनं काढली. हो, तीच भुरी, जिला तू नखरेवाली म्हणायचीस. मला हे सगळ्या गावाला ओरडून सांगायचं होतं आणि सांगितलंही, पण ज्या एका माणसाला सांगायचं होतं ते अकोल्यात ब्लाउजपीस मोजत बसलं आहे.

तुला वाटलं असेल, तू गेलीस आणि मी ती गोठ्याशेजारची खोली आवरून टाकली. नाही आवरली. बाबांनी ती बटेरं पाळायला दोघींना दिली होती, एकटीला नाही, आणि हे मी त्यांनाही सांगितलं. तुझे अब्बू लकव्यानं पडले त्याच आठवड्यात आपले शेवटच्या सेमिस्टरचे पेपर होते. तू दवाखान्यात राहिलीस, मी पेपर दिले आणि आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या हातात आली. बाबांनी गावभर पेढे वाटले. मी तुझ्याकडे पेढे घेऊन आले तेव्हा तू बॅग भरत होतीस. 'आता तूच कर बटेरं, मला घर चालवायचं आहे,' म्हणालीस. मी वाद घातला नाही, कारण तुझं खरंच होतं. शाकीबभाई एकटा अब्बूंचं वेल्डिंगचं दुकान ओढत होता, आणि तुझ्या अब्बूंचा, आमच्या वाहेदचाचांचा, उजवा हात आणि जीभ दोन्ही जड झाले होते. पण तू एसटीत बसलीस तेव्हाच मी ठरवलं, बटेरं सुरू करायची आणि ती दोघींचीच करायची, म्हणजे तुला परत यायला काहीतरी कारण राहील. नुसतं 'ये गं' म्हणून कोणी येत नाही. बाबांनी अट घातली: 'सोयाबीन घरात येईपर्यंत खोली तुही. तोवर काही निघालं तं ठीक, नाई तं मी तिथं पोते रचीन अन् तू गुमान बी.एड.चा फारम भरजो.'

पहिला डाव मी हरले. थर्माकोलची पेटी केली, आत बल्ब, थर्मामीटर, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी, सगळं आपण शिकलो तसं. अकोल्याजवळच्या फार्मवरून बटेराची अंडी आणली, एसटीत मांडीवर धरून. कॉलेजात बटेराची अंडी पहिल्यांदा पाहून तू म्हणाली होतीस ना, की एरंडीची बी फुगवून ठेवली आहे? तशीच होती, ठिपक्याठिपक्यांची. पण आपल्या गावची लाईन तुला माहीत आहे. पाऊस शिंकला तरी जाते. एकदा दुपारी गेली ती दुसऱ्या दिवशी आली. बल्ब थंड, अंडी थंड, एकही फुटलं नाही. आणि नत्थुजी असा मोका सोडणारे का? रोज पारावरून आवाज, 'काय मॅडम, अंड्यातून डिगरी निघाली का?' आणि बाबा दिसले की, 'पंजाबराव, पोरगी अंडे उबवून राहिली, आता कोंबड्या कॉलेजात धाडता काय?'

बाबांना मुळात हे पटतच नव्हतं. 'लावे तं आपल्या धुऱ्यावर फुकट फिरते, ते पाळाले काहून लागते?' मी त्यांना समजावलं की शेताच्या धुऱ्यावरचे लावे पकडणं गुन्हा आहे, ते जंगली. आपली बटेरं म्हणजेही लावेच, पण जपानी, फार्मवर वाढलेली. 'जपानचं पाखरू अन् आपल्या लाईनीवर!' म्हणून ते चपला घालून निघूनच गेले. खरी अडचण त्यांना मी सांगितलीच नाही. तुला आठवते ती, सरांनी शिकवलेली? पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या काढून या बटेराची मादी अंड्यावर बसायचंच विसरली आहे. अंडं घालते आणि चालू लागते. म्हणजे मशीन नसेल तर दुसऱ्या कुणीतरी बसायला पाहिजे. हे मला त्या परीक्षेत नीट लिहिता आलं होतं, पण 'दुसरं कुणीतरी' आपल्याच गल्लीत कुर्रकुर्र करत बसलं आहे हे मात्र सुचलं नव्हतं.

एका सकाळी तुमच्या घरावरून जात होते. अंगणात तुझी अम्मी उभी, एका हातात भुरी, दुसऱ्या हातात भुरीचंच पीस. खुडूक मोडायची तयारी चालली होती. ते पीस नाकपुड्यांतून आरपार घालायचं, कोंबडीला ओल्या पोत्यावर डाल्याखाली कोंडायचं, की ती उबवायचं वेड विसरते आणि पुन्हा अंडी देऊ लागते. मी फाटकातूनच किंचाळले, 'चाची, थांबा! मोडू नका तिला!' चाची दचकल्या, भुरी हातातून सुटली आणि सरळ जाऊन रिकाम्या टोपल्यात बसली, फुगून, जणू खाली राज्य आहे. 'अगे पगली, मुर्गी छूट गई ना! कहाँ आग लगी?' मी म्हटलं, आग नाही, अंडी आहेत, माझी अंडी हिच्याखाली ठेवू या. मोबाइलवर फोटो दाखवला. चाची हसता हसता जोत्यावर बसल्या. 'ये अंडे हैं? ये तो गोट्या हैं! मेरी मुर्गी गोट्या खेलने बैठेगी क्या?' पण मी पायाच धरले. मोठी कोंबडी असती तर तिच्या वजनानं ती अंडी फुटली असती. भुरी अंगानं लहान, हलकी, पाय उचलून टाकते ती फुंकर घातल्यासारखा. तिचा हा एक गुण तू कधी मान्य केला नाहीस.

मग बटईची बोलणी झाली. बकरी देतात तशीच आपल्या गल्लीत खुडूक कोंबडीही बटईनं देतात हे तुला माहीत आहेच, अंडी एकाची, कोंबडी एकाची, निघेल ते निम्मं निम्मं. माझी आई पदर खोचून आली. 'रजियाबाई, निम्मे कायचे? तुमची कोंबडी काय करते, नुसती बसून तं राहीन.' चाचींनी भुवई वर केली. 'जमुनाबाई, तुम बैठ के दिखाव ना तीन हफ्ते!' आईनं खोचलेला पदर सोडला. निम्म्यावर ठरलं. मी पुन्हा फार्मवर जाऊन ताजी अंडी आणली. चाचींनी टोपल्यात मऊ भुशाचं कुटार पसरलं, उवा होऊ नयेत म्हणून चिमूटभर राख भुरभुरली, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून लोखंडी खिळा ठेवला. शेवटच्या गोष्टीवर मी तोंड उघडणार होते, पण मिटलं. खिळ्यानं माझं काय बिघडत होतं?

टोपलं ठेवायला शांत कोपरा हवा होता, आणि तुमच्या घरातला सगळ्यात शांत कोपरा कोणता ते तुला सांगायला नको. ओसरीत, अब्बूंच्या बाजेशेजारी. ते तेव्हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. डॉक्टरांनी बोलत राहा म्हणून सांगितलेलं, पण बोललं की शब्द वाकडा निघायचा, समोरच्याचा चेहरा पडायचा, आणि तो चेहरा पाहून ते आणखी गप्प व्हायचे. बकरी ईदनंतर तर पूर्णच. फोन कानाला लावला तर हातानं दूर सारायचे. तुला वाटायचं ते झोपलेत, कारण चाची तुला तसं सांगायच्या. मी रोज भुरीला पाहायला जाऊ लागले तेव्हा हे सगळं मला कळलं. आणि रोज जाऊ लागले म्हणूनच पुढचंही पहिल्यांदा मीच पाहिलं. एका दुपारी मांजर ओसरीवर चढलं, टोपल्याकडे दबकत निघालं. घरात कोणी नव्हतं. मी फाटकात होते. मी धावणार तेवढ्यात बाजेवरून असा आवाज आला की मांजर सोड, मीच जागच्या जागी थिजले. 'हाऽड!' स्वच्छ. एकदम दुकानातल्यासारखा. मांजर पळालं. चाचा उठून बसले होते आणि आपण काय केलं हे त्यांनाच कळत नव्हतं.

त्या दिवसापासून ते भुरीचे राखणदार झाले. तोंड भिंतीकडून टोपल्याकडे वळलं. सकाळी ती दाणे खायला उठली की ते काठी टेकत मागोमाग अंगणात जायचे, आणि फार वेळ फिरली तर तिला परत हाकायचे, अंडी थंड होतील म्हणून. आणि नगमा, ते तिच्याशी बोलायचे! आधी नुसतं च्चच्च, मग 'भू', मग 'भुई', आणि एक दिवस 'भुरी', अगदी 'री'सकट. कोंबडीचा चेहरा पडत नाही ना. शब्द वाकडा निघो की सरळ, ती एका डोळ्यानं तशीच बघते. चाची माझ्याजवळ तक्रार करायच्या, 'देख गे, पैंतीस बरस की बीवी से एक लफ्ज नहीं, और मुर्गी से गप्पा ठोकते!' म्हणायच्या रागानं, पण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या. मी तेव्हाच तुला कळवणार होते. चाचींनी हात धरला. 'अभी नको. जमने दे.' म्हणून गप्प राहिले. किती जड गेलं ते तुला कसं सांगू? मी तीच मुलगी, जिला तू वर्गात मास्तरीण म्हणायचीस, कारण मला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही.

आता खरी गंमत. कोंबडीच्या अंड्याला तीन आठवडे लागतात, बटेराच्या अंड्याला त्याहून तीन-चार दिवस कमी. म्हणून मी त्या दिवशी सकाळपासून तुमच्या ओसरीतच ठाण मांडून होते. चाची म्हणत होत्या, इतक्या लवकर काय निघतं. बाबा शेतावर सोयाबीन कापणारी माणसं लावायला गेले होते, म्हणजे मुदत संपतच आली होती. आणि भुरीच्या पोटाखालून आवाज आला, चीं. अगदी बारीक, घड्याळ बंद पडताना येतो तसा. मग दुसरा. भुरीनं मान वाकडी करून पोटाखाली पाहिलं, तिच्या पंखातून एक पट्ट्यापट्ट्यांचं डोकं बाहेर आलं, आणि त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं आता ही चोच मारणार. तिनं चोच खाली नेली, हळूच ते डोकं पंखात परत लोटलं आणि फुगून बसली. नगमा, मी रडले. चाची रडल्या. संध्याकाळपर्यंत सगळं टोपलं चिवचिवत होतं, मोजकी दोन-चार अंडी सोडली तर सगळी निघाली.

मी फुटलेली टरफलं काढायला हात घातला आणि हाताला कुटारात खोल दडलेलं काहीतरी मोठं, गुळगुळीत, गरम लागलं. बाहेर काढलं तर कोंबडीचं अंडं! आणखी हात घातला तर आणखी तीन. मी चाचींकडे पाहिलं, चाची माझ्या आईकडे, आणि माझी आई छताकडे पाहत होती. 'आई?' 'मी ठेवले,' ती म्हणाली. 'पहिल्याच दिवशी ठेवले. तुह्ये गोटे नाई फुटले तं तुह्या बापापुढं टोपल्यातून काही तरी निघालं पाहिजे होतं ना वं! पिल्लू ते पिल्लू. त्यायले काय समजते कोणाचं हाय?' सगळी अंडी एकदमच फुटतात असं तिला वाटलं होतं. आणि चाचांनी तिला अंडी ठेवताना पाहिलं तेव्हा तिनं काय केलं असेल? ओठांवर बोट ठेवलं, 'कोनाले सांगू नका, भाऊ.' ज्या माणसानं एक शब्द बोलावा म्हणून सगळं घर नवस करतं आहे, त्याला माझी आई म्हणते, कोणाला सांगू नका! हे ती सगळ्यांदेखत सांगत होती आणि बाजेवर चाचा हसायला लागले. आवाज काढून, खांदे हलवून, खोकला येईपर्यंत. शाकीबभाई दुकानातून धावत आला, काय झालं म्हणून. काही झालं नाही, अब्बू हसतात, एवढंच.

पण संकट खरंच होतं. पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन टोपल्यातून उतरते, आणि आईच्या अंड्यांना अजून तीन-चार दिवस ऊब हवी होती. ती उतरली तर आत तयार होत आलेली चार पिल्लं मरणार. नाही उतरली तर बटेरं चारा-पाण्यावाचून मरणार, कारण ती बाहेर धावत होती आणि भुरी अंडी सोडून उठावं की बसावं यात अर्धी उभी, अर्धी बसलेली. दुसरी खुडूक कोंबडी गल्लीत नव्हती, मी दोन्ही टोकांपर्यंत विचारून आले. माझी पेटी होती, पण लाईनीचा भरवसा नाही. आई तर आपण पाप केल्यासारखी अंड्यांवर पदर धरून बसली. आणि तेव्हा चाचांनी काठी जमिनीवर आपटली. 'बॅ...' म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो. चाची पुढं होऊन म्हणणार होत्या, काय बटर हवंय का, बकरी का. चाचांनी डाव्या हातानं त्यांना थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 'बॅ...ट...री.' शाकीबभाईच्या डोक्यात उजेड पडला. दुकानात ऑटोची जुनी बॅटरी पडून होती! ती आणली, ऑटोचेच दोन बल्ब लावले, आणि चाचांनी पेटीशेजारी बसून कोणती तार कुठे ते बोटानं दाखवलं. शाकीबभाईनं चुकीची तार उचलली की काठी त्याच्या पायावर. दिवसा लाईन असली की बॅटरी भरून घ्यायची, लाईन गेली की बल्ब बॅटरीवर. थर्मामीटर मी पाहायचा, पाण्याची वाटी मी भरायची, अंडी मी फिरवायची. आपण शिकलो ते काही वाया गेलं नव्हतं, त्याला एक बॅटरी कमी पडत होती. आईच्या चारपैकी तीन अंड्यांतून पिल्लं आली. आई आता म्हणते, पहिल्यापासून तिचा असाच बेत होता.

भुरीचं मात्र डोकं फिरायची वेळ आली आहे. बाकीच्या कोंबड्यांची पिल्लं आईमागे रांगेत चालतात. हिची कढईतून उडालेल्या लाह्यांसारखी चारी दिशांना जातात. ती दाणा दाखवायला पायानं माती उकरते तर त्या मातीबरोबर दोन पिल्लं मागे फेकली जातात, ती वळून पाहते, कुठे गेली? पाण्याच्या ताटलीत ती बुडू नयेत म्हणून मी खडे घातले, तर ती खडे वेचून बाहेर टाकते, घाण म्हणून. कोंबडीच्या जाळीतून बटेराचं पिल्लू सहज निसटतं, हे माझ्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं, कारण एक निसटून चाचांच्या चपलेत जाऊन बसलं होतं. बारीक जाळीचा पिंजरा हवा होता. आणि तो कुणी केला माहीत आहे? चाचांनी. रिक्षात बसून दुकानात गेले, पडल्यापासून पहिल्यांदा. डाव्या हातात वेल्डिंगचा होल्डर, उजवा हात शाकीबभाईनं खालून धरलेला. पहिली जोडणी वाकडी झाली, त्यांनी ती स्वतः तोडली आणि पुन्हा केली. पिंजरा जरा एका बाजूला झुकलेला आहे. मला तो जगातल्या कुठल्याही पिंजऱ्यापेक्षा सरळ दिसतो. उद्या शाकीबभाई ज्या कांड्या न्यायला येतो आहे त्या दुसऱ्या पिंजऱ्यासाठी आहेत.

बाबा पाहायला आले ते सोयाबीनची पहिली पोती उतरवून, अंगावर भुसा तसाच. पिंजऱ्यापुढं उकिडवे बसले आणि जाळीवरून बोट फिरवत पिल्लं पाहू लागले. मग म्हणाले, 'हे तं खरंच निघाले वं.' मागून नत्थुजी आलेच होते, 'पंजाबराव, एवढ्याशा पाखराचं काय होते?' बाबांनी मान न वळवता म्हटलं, 'एवढंसं हाय म्हणूनच एवढ्याशा खोलीत मावते. तुह्याएवढं असतं तं वाडा बांधा लागला असता.' पोती आता ओसरीत रचली आहेत, खोली आपलीच राहिली. आई आणि चाचींनी वाटणीही केली, भांडत भांडत, पिल्लं हातात घेऊन. चाचींनी आपली निम्मी बटेरं तुझ्या नावावर म्हणून सांगितली, आणि तीन कोंबडीची पिल्लं कुणाची यावर अजून तोडगा निघालेला नाही. तुझ्या राहिलेल्या पेपरांचंही मी कॉलेजात विचारलं. हिवाळी परीक्षेला बसता येतं. पुस्तकं माझ्याकडे आहेत, खुणा केलेली. मला ठाऊक आहे तू म्हणशील, ही मास्तरीण पुन्हा सुरू झाली. झाले. दुसऱ्या पिंजऱ्यासाठी मला खरंच एक माणूस हवं आहे, आणि मला तेच माणूस हवं आहे.

पण एवढं सगळं सांगायला मी पत्र लिहिलं नसतं, फोनच करत राहिले असते, तू उचलेपर्यंत. हे पत्र चाचांनी लिहायला सांगितलं आहे. काल दुपारी त्यांनी मला हाक मारली. मी मोबाइल पुढे केला, म्हटलं, नगमाला लावू? त्यांनी मान हलवली, नाही. आवाज रेकॉर्ड करू? नाही. मग एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाले, 'लिख. आने बोल. सामने बोलूंगा.' बकरी ईदला तू घरी आलीस तेव्हा त्यांना तुझं नाव घेता आलं नाही, आणि तू परसात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धूत बसलीस. ते त्यांनी पाहिलं होतं, नगमा. त्यांना तसं पाहणं तुला सहन होत नाही म्हणून तू अकोल्यात राहतेस आणि पैसे पाठवतेस, हे त्यांना त्या दिवसापासून कळलेलं आहे. त्यांनी तुझ्यावर राग धरलेला नाही. त्यांनी सराव केला आहे. रोज सकाळी घर उठायच्या आधी ते भुरीसमोर बसतात आणि एक वाक्य म्हणतात. मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. छोटंसं आहे, सुरुवातीला तुझं नाव आहे आणि ते आता साफ येतं. पुढं काय आहे ते मी लिहिणार नाही, ते माझं नाही. रविवारी तुझं दुकान बंद असतं. सकाळच्या गाडीनं ये, मी मूर्तिजापूरच्या स्टेशनवर असेन. फक्त एक लक्षात ठेव. मध्ये एक शब्द आहे, तो अजून अडकतो. तो अडकला की तू घाईनं त्यांच्यासाठी पुरा करू नकोस. गप्प उभी राहा. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील, आणि म्हणतील.

तुझीच, आणि रविवारी स्टेशनवर वाट पाहणारी,
आकांक्षा